पिंगळीची मॅच होईपर्यंत

क्रिकेट मला तेव्हाही कळत नव्हतं आणि आताही कळत नाही. तरी त्या साली गावात सगळ्यात जास्त मन लावून मॅच बघितली ती मीच.

निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. माझं लग्न होऊन एकच वर्ष झालं होतं. सासर पिंगळी स्टेशनापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. आमच्या घरी मेंढरं आणि जराशी कोरडवाहू जमीन. होळी झाली की आमच्याकडचा चारा संपायचा, मग नवरा मेंढरं घेऊन गोदावरीच्या अंगाला निघायचा तो मिरगाच्या पावसालाच परत. बाकीच्या घरच्या बायका कळपाबरोबर जायच्या. मला जाता येत नव्हतं, कारण सासूचा पाय मोडून वाकडा बसलेला होता आणि घरी कुणीतरी लागायचं. पहिल्या साली नवरा गेला तेव्हा मला त्याच्याशी धड बोलताही येत नव्हतं. बोलायला यायला लागलं तोवर दुसरी होळी जवळ आली.

क्लब काढला शाळेच्या मास्तरांनी. ते हैद्राबादेला शिकून आलेले. पोरं जमवली, सुताराकडून बॅट करून घेतली आणि गायरानातले दगड वेचून मैदान केलं. मैदानाची हद्द दाखवायला आमच्या वाघरीचे खुंट नेले. वाघर म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावायची जाळी. पाटलाचा पोरगा आणि त्यांच्याच शेतातला सालगडी एका बाजूनं खेळायला लागले. म्हातारी माणसं आधी नावं ठेवायची, मग तीच सावली धरून बसायला लागली. माझ्या नवऱ्यानं लहानपणापासून पुढच्या मेंढीला वळवायला दगड फेकलेले, त्यामुळं त्याचा नेम पक्का. पण त्याचा हात कोपरात वाकायचा आणि मास्तर तो चेंडू नियमात धरायचेच नाहीत. सरळ हातानं टाकायला शिकेपर्यंत त्यानं आमच्या गोठ्याच्या भिंतीचे पोपडे काढले. पुढं त्याच्याएवढा जोरात टाकणारा दुसरा कुणी राहिला नाही.

शेजारच्या चुडाव्याच्या पोरांना आमच्या गावानं हरवलं. मग पिंगळीशी मॅच ठरली, पण ती होळीनंतरची. मास्तर घरी आले आणि सासूला म्हणाले की हा गेला तर बॉल कोण टाकणार.

सासू म्हणाली, "मेंढरं चेंडू खात न्हाईत, मास्तर."

मी आत पीठ मळत होते. हात थांबवले नाहीत, कान मात्र बाहेर होते.

आमच्याकडं मेंढरं शेतात बसवायची रीत आहे. पीक निघाल्यावर रात्री कळप रानात बसवायचा, लेंड्या आणि मूत जमिनीत मुरतं, आणि त्याबद्दल शेतकरी धनगराला धान्य देतो. त्या साली मास्तरांनी पारावर सगळ्यांना बसवून वेगळंच ठरवलं. मॅच होईपर्यंत कळप गावातच राहील. ज्याच्या शेतात बसेल त्यानं धान्य द्यायचं नाही, मेंढरांना कडबा, तुरीचं भुसकट आणि विहिरीचं पाणी द्यायचं. प्रत्येकाला दोन रात्री. पाटलापासून सुरुवात झाली आणि शेवटची पाळी ठरली गावातल्या सगळ्यात लहान शेतकऱ्याची. त्याच्याकडं ना विहीर ना कडबा. तो लोकांच्या विहिरीवर पाणी शेंदून देईन म्हणाला. धान्य देऊन मेंढरं बसवणं त्याला जन्मात जमलं नव्हतं.

अशी होळी झाली आणि नवरा घरी राहिला. रात्री तो शेतात कळपाजवळ असायचा, पण सकाळी न्याहारीला घरी यायचा. मला तेवढं पुष्कळ होतं. त्याला ठेचा किती तिखट लागतो, झोपेतून उठल्यावर तो किती वेळ बोलत नाही, हे मला त्या दिवसांत कळलं.

मग पिंगळीहून निरोप आला की त्यांच्या कप्तानाच्या घरी लग्न आहे, मॅच पुढं ढकला. पोरं चिडली. पिंगळीत घरोघरी लग्नं निघावीत असं मला वाटत होतं. सासू माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "तुला लय क्रिकेट कळायलंय."

पण मॅच झालीच. आख्खं गाव गायरानात गेलं. नवऱ्यानं त्यांचे अर्धे गडी बाद केले. शेवटी आपल्याला थोड्याच धावा हव्या होत्या आणि तोच बॅट घेऊन उभा होता. जिंकलो तर परत मॅच घ्यायची असं ठरलेलं. म्हणजे आणखी काही दिवस. मी पदर दातात धरून उभी होते. त्यानं चेंडू उंच मारला आणि तो पिंगळीच्या एका पोरानं झेलला, आणि आम्ही हरलो. पाटलाचा पोरगा ओरडला, "मेंढरं आठवली काय रं?" सगळे हसले. मी हसले नाही.

संध्याकाळी सासूनं कळपाबरोबरच्या घोड्यावर लादायचं सामान काढलं. सकाळी निघायचं होतं. तेवढ्यात तो लहान शेतकरी दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, माझी पाळी राहिली. मास्तरही तिथंच होते. ते म्हणाले, ठरलं होतं मॅच होईपर्यंतचं, आता मॅच झाली.

"मॅच तुमची झाली," तो म्हणाला. "म्या लोकाच्या हिरीवर हात सोलस्तोवर पाणी शेंदलंय. पाळी म्हंजी पाळी."

नवऱ्यानं सासूकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाला, "दोन राती बसतो."

सासूनं सामान परत कोपऱ्यात ठेवलं. मी त्याची भाकरी बांधून शेताकडं निघाले तेव्हा तिनं हाक मारली. "अंधारात एकटी माघारी येऊ नगं. सकाळी ये."

तिसऱ्या दिवशी उजाडताना कळप गेला. धूळ खाली बसेस्तोवर मी त्या शेताच्या बांधावर उभी राहिले आणि मग कामाला लागले.

पुढच्या साली मास्तरांची बदली झाली आणि क्लब मोडला. नवरा दर होळीला जात राहिला. पाय थकल्यावर त्यानं मेंढरं विकली आणि घरी बसला. तेव्हा तो दिवसभर समोर असायचा, पण माझी सवय गेली नाही. दिवस कलला की मी दारात जाऊन गोदावरीच्या वाटेकडं बघायचे. तो मागून म्हणायचा, "अगं, म्या हितंच हाय की."

मला माहीत होतं. तरी मी थोडा वेळ बघायचेच.