मामा म्हणजे कोण

त्या शनिवारी मी श्रूजबरीहून वूस्टरला वर्कशॉपला गेले, ती नाटकाच्या ओढीने नाही. घरात बसवेना म्हणून. येत्या मंगळवारी नागपुरात माझ्या मामाची बायपास होती आणि माझा व्हिसा रिन्यूअलला अडकला होता. देशाबाहेर पडले असते तर परत यायची खात्री नव्हती. ज्याने मला तिसऱ्या वर्षापासून वाढवलं, त्याच्या उशाशी मी नव्हते. स्वतःचाच संताप येत होता.

वर्कशॉप पोलिश नाटकाचं. शिकवणाऱ्या बाई पोलंडच्या, शिकायला आलेले सहा नट जॉर्जियाचे. हे ऐकून नवरा म्हणाला, "अटलांटाहून एवढं ड्राइव्ह करून आले?" त्याला अमेरिकेतलं जॉर्जिया राज्य वाटलं; नकाशात त्याच नावाचा देश दाखवावा लागला. माझ्याकडे प्रॉम्प्टिंग होतं: मांडीवर इंग्रजी प्रत घेऊन बसायचं, कुणी अडलं की वाक्य पुरवायचं. कॉलेजात एकांकिकांना हेच करत असे.

प्रसंग साधा होता. युद्धावरून परतलेला मुलगा बंद दारापुढे उभा राहून आईला हाक मारतो. ती एक हाक पोलिशमध्येच हवी, हा बाईंचा हट्ट. पोलिशमध्ये मामा म्हणजे आई, आणि हाक मारताना, "मामो!"

साठीचे एक नट पुढे झाले. त्यांनी कॉलर नीट केली, मान खाली घातली आणि अगदी दबकत हाक मारली. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदाही तसंच.

"आईला कुणी इतकं घाबरतं का?" बाई वैतागल्या.

ते ओशाळले. "आमच्या भाषेत मामा म्हणजे वडील. शब्द तोंडात आला की तेच उभे राहतात समोर. काय करू?"

सगळे हसले. बाईंनी मला विचारलं, "आणि तुमच्याकडे?"

"आईचा भाऊ," मी म्हणाले आणि मला प्रतीतली पुढची ओळच सापडेना.

वडील गेल्यावर मामाने आईला आणि मला आपल्या घरी आणलं. माझं कन्यादान त्यानेच करावं असं मला फार वाटत होतं. पण लग्न ठरल्यावर वीस वर्षं न फिरकलेले काका हक्क सांगत आले आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. मामा एवढंच म्हणाला, "मामाचं काम पोरीला बोहल्यावर आणायचं." भटजींनी पुकारल्यावर हात धरून मला घेऊन आला आणि मागे सरकून उभा राहिला. मला ते अजून डाचतं.

रविवारी सकाळी फोन केला. नागपुरात संध्याकाळ झाली होती. मामीने फोन त्याच्या कानाशी धरला.

"काय करून राहिली गं?" आवाज खोल गेला होता.

धीर द्यायचा सोडून मी त्या हाकेचीच गोष्ट सांगत सुटले. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे त्या देशात भटजींनी म्हटलं, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं, तर कोण उठते?"

"बाबा," मी म्हणाले.

"फोन दे माझ्या हातात," तो मामीला म्हणाला. मग मला:

"मग बरोबरच आणलं होतं ना तुला मी."