ओट्यावरून उठताना

ओट्यावरून उठलं की मागे वळून आधी फरशी बघायची, ही सवय मला तिसऱ्या बाळंतपणानंतर लागली. शिंक आली, खोकला आला, टोपली डोक्यावर घेतली, की लघवी सुटायची. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देत मी नागपूरभर फिरायची. कोणाचा हात न धरता उभा केलेला धंदा. पण तो चालायचा लोकांच्या ओट्यावर बसून. तिथे ओल दिसली असती, वास आला असता, तर पुन्हा कोणी दारात उभं केलं नसतं. मिळालेल्या लुगड्यांतलं सगळ्यात मऊ सुती लुगडं मी विकायची नाही. त्याच्या घड्या करून लघवी टिपायला आत घ्यायची.

नंदनवन वस्तीत एका मास्तरांची बायको माझी गिऱ्हाईक होती. घासाघिशीत मी कोणाला हार जाणारी नव्हे, पण तिच्यापुढे तासाभरात माझी चुळबुळ सुरू व्हायची. ते तिने हेरलं. एकदा मी न्हाणीत जाऊ का म्हणून विचारलं.

"तुझ्यासाठी ओटा आहे वं," ती म्हणाली. मग मुद्दाम एकेका साडीची घडी उलगडत बसली. "तुले घाई काहून होऊन राहिली? मले तर नाही."

त्या दिवशी तीन विटक्या साड्यांवर मोठा गंज, टोपलीतलं सगळ्यात महाग पातेलं, देऊन मी पळाले. कोपऱ्यापर्यंत घडी चिंब झाली होती.

मग मी पाणीच तोडलं. ऐन मे महिन्यात, सकाळपासून घोटभर नाही. आठ दिवसांत लघवीला आग आणि अंगात ताप. गोळ्या लिहून देता देता दवाखान्यातली डॉक्टरीणबाई माझ्यावर चिडली. पाणी तोडल्याने हे थांबत नाही, वाढतं, म्हणाली. पाणी पी, दर दोन तासांनी लागो न लागो जाऊन ये, ओली घडी लगेच बदल, धुऊन उन्हात वाळव. आणि लघवी अडवताना जे आवळतो, ते दिवसातून तीन वेळा, दर वेळी दहादा आवळायचं, दहा मोजेपर्यंत धरायचं, मग सोडायचं. शिंकेच्या आधीही. किती दिवस, मी विचारलं.

"निदान तीन महिने. यात घासाघीस चालत नाही."

कामठीच्या बसमध्ये, चुलीपुढे, टोपलीशेजारी, मी दहा मोजत राहिले. फरक पडतोय की मनाचा खेळ, हे कळत नव्हतं.

पावसाळा सरल्यावर त्या ओट्यावर पुन्हा गेले. वाटेत एका ओळखीच्या शिवणवालीकडे लघवीला जाऊन. मास्तरीणबाईने पुन्हा घड्या उलगडायला घेतल्या. आवळलं, दहा मोजले, सोडलं. पुन्हा आवळलं.

"आज निवांत बसली वं," ती म्हणाली.

"मले बी घाई नाही, बाई."

शेवटी तीच उठली आणि जरीकाठाची साडी घेऊन आली. मी लहान डबा पुढे केला, तिने तो घेतला.

टोपली डोक्यावर घेतली. मागे वळून पाहिलं, फरशी कोरडी होती. तरी फाटकापर्यंत आणखी दोनदा पाहिलं. तिने नाकारलेली ती न्हाणी मी अजून विसरलेली नाही.