मोठेबाबांची पत्रावळ

आधीच सांगते, भूतबित, संकेतबिंकेत मी मानत नाही. मांजर आडवं गेलं तर मांजरालाच रागावणारी बाई आहे मी. भंडाऱ्याच्या कोर्टात टायपिस्ट होते, साक्षीदारांच्या थापा टाइप करून करून बोटं झिजली. त्यामुळे कोणी "मी डोळ्यांनी पाहिलं" म्हटलं की मला आधी हसूच येतं...

तर आमचे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, फायटर पायलट होते. एकाहत्तरच्या लढाईतून परत आले नाहीत. 'बेपत्ता' एवढंच कळलं. मोहाडीच्या पुढे, तलावाकाठच्या आमच्या गावात आता त्यांची धाकटी बहीण एकटी राहते — आमची बेबीआत्या.

सर्वपित्री अमावस्येला घरातल्या गेलेल्या प्रत्येकाच्या नावाने पत्रावळ मांडतात. मोठेबाबांची कधीच मांडली नाही. आत्या म्हणायची, "जित्या मानसाची पत्रावळ मांडली त मीच मारलं ना त्याले? अन् मेला असन त इतकी वर्षं उपाशी बसला आहे थो."  मागे तिचं हृदयाचं दुखणं निघालं, तेव्हा माझा हात धरून म्हणाली, "मी जायच्या आधी एवढं शोधून दे मले."

मग लागले मागे. फोन, ईमेल, ओळखीच्या ओळखी... शेवटी मोठेबाबांसोबत उडणारे एक गृहस्थ नागपुरातच निघाले! त्यांनी वेळ दिली ती नेमकी सर्वपित्रीची सकाळ. आत्या म्हणाली, "जाय. तू येतपर्यंत मी वाढत नाही."

म्हातारे फार मायाळू. म्हणाले, "बेटा, मी शेजारीच उडत होतो. गोळा लागला, डावा पंख तुटला. विमान सरळ खाली गेलं. पॅराशूट नाही उघडलं. देह सापडला नाही, म्हणून कागदावर 'बेपत्ता'." आणि रडायला लागले. मीही रडले. आत्याला सांगायचं कसं? एसटीत सगळा वेळ हेच डोक्यात. फोन करायची हिंमत झाली नाही.

फाट्यावर उतरून तलावाच्या पाळीवरून चालत निघाले. दुपार कललेली. धान पोटरीला आलेलं, हळूहळू डुलत होतं. तलावात कमळं, पाण्यावर ऊन... सगळं गावच झोपेत असल्यासारखं. आणि धानावरून एक सावली आली. पंखांची, विमानाची. आवाज काहीच नाही! शेतांवरून सरकत सरकत आली, माझ्या अंगावरून गेली — क्षणभर गार वाटलं — आणि पाण्यावरून घराकडे निघाली. मी वर पाहिलं. आभाळ स्वच्छ, पाखरूसुद्धा नाही.

भीती वाटायला हवी होती ना? नाही वाटली. उलट, कितीतरी दिवसांनी आपलं माणूस भेटल्यासारखं बरं वाटलं. मी तशीच उभी राहिले, किती वेळ ते देवच जाणे.

घरी पोचले तर आत्या वाढत होती. एक पत्रावळ जास्तीची. वडे, कढी, खीर... मी दारातच थबकले. कोर्टाची सवय, साक्षीदाराला आपण काही सुचवायचं नाही. 

"दादा येऊन गेला," ती खाली बघतच म्हणाली. "आंगनात बसून होती मी. तलावाकडून सावली आली, इमानाची."

"असेल कुठलंतरी विमान, आत्या."

"थे त रोजच जातेत वरतून. याचा आवाज नोहता. अन् डावा पंख नोहता बाई त्याले." तिने पदर डोळ्यांना लावला. "असं मोडकं इमान घेऊन कोनी घरी उतरते का? म्हनून वाढलं."

 सावलीचे पंख मी काही निरखले नव्हते. आणि डाव्या पंखाचं तर मी अजून कोणाला, अगदी कोणालाच सांगितलं नव्हतं!

दोन साक्षीदार, एकमेकींशी न बोललेले. थकवा म्हणा, उपाशी पोट म्हणा, ढग म्हणा... ढगाला कुठे पंख असतात? मी खूप डोकं लावलं. उत्तर नाही, आजही नाही.

आत्याने पत्रावळीजवळ पाण्याचा गडवा ठेवला. म्हणाली, "लय उशीर झाला रे दादा. जेव आता." आणि हंबरडा फोडला. इतक्या वर्षांत ती त्यांच्यासाठी एकदाही रडली नव्हती. रडलं तर मेल्याचं मानल्यासारखं होईल म्हणून. मी तिला जवळ घेतलं. नागपूरचं मला काहीच सांगावं लागलं नाही.