लाल रंग कुठे थांबवायचा

भोरला एसटी स्टँडमागे, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर मी कॉम्प्युटरचा क्लास चालवायचो. मशीन सहा, त्यातली दोन गिरणीच्या पिठामुळे कायम आजारी. दोन हजार सालानंतरची पहिली चार-पाच वर्षं ती. वेब पेज करता येणारा माणूस तालुक्यात मी एकटाच आहे असं मला वाटायचं, आणि बहुधा ते खरंही होतं. त्याचा मला माज होता.

पोरांना मी एकच मंत्र घोकून घ्यायचो. टॅग उघडला की बंद करायचा. अक्षरं लाल करायची असतील तर आधी ‘इथून लाल’ अशी खूण, मग मजकूर, मग ‘लाल संपलं’ अशी खूण. ही दुसरी खूण विसरलात तर लाल रंग थांबणार नाही, खालचं सगळं पान रंगवत जाईल. जो विसरेल त्याला मी उभं करून सगळ्यांसमोर झापायचो.

त्यातल्या एका वर्षी वेल्ह्याच्या आतल्या एका वाडीतली एक मुलगी यायची. दोन एसट्या बदलून, डब्यात नाचणीची भाकरी घेऊन. बोलायला कमी, पण डोकं तल्लख. क्लासच्या परीक्षेत जो पहिला येईल त्याला किकवीजवळ हायवेवरच्या एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला घेणार होते, तसा शब्दच मी तिथल्या साहेबांकडून आणला होता. हिच्या घरी मात्र वेगळाच करार झालेला. पास झाली तर स्थळाला वर्षभर थांबा म्हणायचं, नापास झाली तर बोहल्यावर चढायचं. हे तिनेच मला एकदा पेनचं टोपण लावता लावता सांगितलं होतं.

एक दिवस तिने सरावाचं पान दाखवलं. पानात मजकुराच्या टॅगचा पत्ताच नव्हता. वरती स्क्रिप्टमध्ये तिने स्वतःची छोटी छोटी फंक्शन लिहिली होती. एकाचं नाव ओळ, एकाचं चौकट, एकाचं लाल. खाली नुसतं त्यांना कामाला लावलं होतं: चौकटीत ओळ, ओळीत लाल, लालच्या कंसात एक नाव. पान मात्र झकास उमटलेलं.

“हे काय?” मी म्हणालो.

“सर, टॅग बंद करायचं माणूस इसरतो. ह्येच्यात इसरताच येत न्हाई. नाव दिलं की त्येवढंच लाल हुतं. आमच्या बाच्या चुन्याच्या डबीचं झाकण डबीलाच जोडल्यालं असतंय बगा, ते कदी हरवत न्हाई. तसं.”

मला राग आला. खरं सांगायचं तर पोटात दुखलं. एवढी वर्षं मी टॅग लिहितोय, आणि ही चार महिन्यांची विद्यार्थिनी मला झाकण शिकवते.

“शहाणपणा नको. याला वेब पेज म्हणत नाहीत. आधी हाताने लिहायला शिक,” असं म्हणून मी तिचे दोन गुण कापले. तिने फ्लॉपी क्लासच्या कपाटात ठेवली आणि पुन्हा हाताने टॅग लिहायला बसली.

परीक्षा झाली. ती पहिली आली, दोन गुण कापूनही.

निकाल मी क्लासच्या वेबसाइटवर लावायचं ठरवलं. भोरमध्ये असं पहिल्यांदाच होणार म्हणून मी आठवडाभर सगळ्यांना सांगत सुटलो होतो. शाळेच्या सूचनाफलकावर आमच्याकडे निकाल कसा लागतो ते सर्वांना ठाऊक होतं: पास झालेल्यांची नावं साध्या शाईत, नापासांची लाल शाईत. पास-नापास हे शब्द कोणी लिहीत नाही, कारण गरज पडत नाही. मीही तसंच केलं. तेवीस नावं, हजेरीच्या क्रमाने एकाखाली एक, गुण ऑफिसात येऊन पाहावेत. शनिवारी संध्याकाळी पान चढवलं, वरची सात-आठ नावं स्क्रीनवर नीट दिसली, लाइन तेवढ्यात तुटली. मी दिवे बंद करून सासुरवाडीला सारोळ्याला निघून गेलो.

सोमवारी क्लासच्या जिन्यावर दहा-बारा पोरं आरडाओरडा करत होती. “सर, आमी समदे नापास?” मी मशीन चालू केलं, पान खाली सरकवलं आणि हादरलो. नवव्या नंबरचा मुलगा खरोखर नापास झाला होता. त्याच्या नावापुढे मी ‘लाल संपलं’ लिहायला विसरलो होतो. त्याच्याखालची चौदाच्या चौदा नावं लाल.

जिभेवर शिव्या आल्या, आणि त्या द्यायच्या कोणाला तेच कळेना. चूक माझी आहे, तुम्ही पास आहात, असं सांगितल्यावर पोरं मात्र आनंदात हसायला लागली. एकाने माझ्याच आवाजात “उघडलं की बंद करायचं” म्हणून दाखवलं. मी त्याला झापलं नाही.

पोरं गेल्यावर मी तिच्या सरावाची फ्लॉपी कपाटातून काढली. तिची ती तीन फंक्शन तशीच उचलली आणि नावं त्यांच्या कंसात घातली. दहा मिनिटांत निकाल पुन्हा उभा राहिला. लाल फक्त जिथे हवं तिथेच. एखादा कंस मुद्दाम चुकवून पाहिला तर पानच उमटेना, पण लाल काही खाली सांडेना. मला इतका आनंद झाला की कधी एकदा ती येते आणि ‘तुझंच बरोबर होतं’ म्हणतो असं झालं. तिचं नाव यादीत सोळावं होतं, म्हणजे तेही लाल झालं होतं, हे मला दिसत होतं. तरी ती आली की सांगू, असंच मनात.

मंगळवारी ती आली नाही. बुधवारी तिच्या शेजारच्या गावची एक मुलगी म्हणाली, “सर, तिची रविवारीच सुपारी फुटली की. तिच्या भावानं नसरापूरला कॅफेत निकाल बगितला. लाल हुतं.”

मी तसाच मोटारसायकल काढून निघालो. चेलाडीचा फाटा, मार्गासनी, वेल्हे, पुढचा कच्चा रस्ता, काहीच आठवत नाही. वाटेत काय बोलायचं ते मी शंभरदा ठरवलं.

तिचे वडील ओसरीवर बसले होते. हातात चुन्याची डबी. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: चूक माझी आहे, मुलगी पास आहे, कारखान्यात जागा तिची आहे, मी सोयऱ्यांच्या पाया पडून त्यांना समजावतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“बसा सर. तुमी एवढ्या लांब आला, लई झालं. पर सुपारी फुटली. धा मान्सात शबूद गेला. आता तुमच्या पानावरचा रंग बदलून हितलं काय बदलतंय?”

तेव्हा ती दारात आली. हातात नवा हिरवा चुडा. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, “सर, कितवी आले?”

“पहिली.”

आत भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. वडिलांनी डबी उघडली आणि तशीच मिटली.

“मग माजं नाव लाल कशानं झालं?”

मी सांगितलं. नववं नाव, राहून गेलेली खूण, मी न बघितलेलं खालचं पान. फंक्शनचं मात्र सांगायला जीभ रेटेना. तिने सगळं ऐकलं, आणि पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे पाहिलं.

“तुमी हातानं लिवलं व्हय, सर?”

मी ‘हो’ म्हणून मान हलवली. ती आत निघून गेली.