आत्यांनी खाल्लेली आंबट पत्तागोबी

परवा सकाळी लातूरच्या आमच्या घरात माझी पार घाबरगुंडी उडाली. स्वयंपाकघरात गेले तर बरणीचं झाकण बाजूला, आणि आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, पाटावर बसून वाटीतून काहीतरी खाताहेत. बघते तर मी आंबत घातलेली पत्तागोबी...

झालं असं, की मागच्या आठवड्यात भावाच्या शेतातली विहीर आटली. मग त्यानं पत्तागोबीचे मुठीएवढेच गड्डे काढले आणि पोतंभर आमच्याकडे पाठवले. वाया जाऊ नयेत म्हणून मी बारीक चिरून, मीठ चोळून बरणीत दाबून भरले. यात गोबीलाच पाणी सुटतं आणि ती त्यात बुडून आंबते. पण ही गोबी दुष्काळातली, तिला पाणी सुटणार कुठून?

मग मी नको तो शहाणपणा केला. वरून टँकरचं पाणी ओतलं, तेही न उकळता. तो टँकर कुठल्या विहिरीवर भरतो, देव जाणे... तिसऱ्या दिवशी वर पांढरी साय दिसली आणि मी धसकाच घेतला. कुणाला द्यायची नाही असं ठरवलं, पण टाकायला हात होईना. नंतर बरणीकडे बघितलंच नाही.

आणि आता सत्तरीच्या सासूबाई वाटी रिकामी करून बसलेल्या.

"आत्या, पोटात दुखतंय का?" मी दर अर्ध्या तासानं विचारत होते. नवरा कामाला मुदखेडला, फोन उचलेना. ऑटोवाल्याचा नंबर काढून ठेवला, दवाखान्याची फाइल पिशवीत घातली. सुनेनं सासूला काय खाऊ घातलं म्हणून लोक बोलतील, हेही मनात आलं... सांगायला लाज वाटते, पण आलं.

दुपारी त्याच वैतागल्या. "काय लावलंस गं सकाळपासून? आज तिसरा दिवस हाय, खाऊन राहिले मी. वरची सायबी रोज काढून टाकते. येळवशीचं आंबील काय येगळं असतंय का?"

येळवस म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या. त्या दिवशी शेतात ज्वारीचं आंबील लागतंच, आणि आमच्या घरी ते आत्याच आंबवतात. आंबलेलं कुठलं आणि नासलेलं कुठलं, हे त्यांना नुसत्या वासावर कळतं. माझा जीव भांड्यात पडला.

तरी चिडूनच विचारलं, मला न सांगता का खाल्लं?

त्या म्हणाल्या, "तुझी पोरगी रोज बरणीकडं बघून राहिली. आज ना उद्या मागंल. तिला द्यायच्या आधी म्हणलं आपण खाऊन बघावं. टँकरच्या पाण्याचं भ्या मलाबी वाटलं गं."

घरात घाबरणारी मी एकटीच, असं मला वाटत होतं. मी घाबरून बरणीपासून लांब राहिले आणि त्या घाबरल्या म्हणूनच तीन दिवस ती गोबी खात होत्या...

पुढच्या वेळी असलं काही आधी मी चाखणार, असं त्यांना बजावलंय. "हाव," म्हणाल्या. पण त्या ऐकायच्या नाहीत, माझ्याआधी त्याच चाखतील, मला माहीत आहे. बरणीची भीती गेली माझी... आता हीच भीती वाटते.