दारव्ह्याचा क्लॅरनेटवाला

साठ सालच्या आसपास दारव्ह्यात लग्न ठरलं की आधी बँडमधला क्लॅरनेटवाला मोकळा आहे का ते बघत, भटजी मग. डोळे मिटून, मान जराशी कलती ठेवून तो पाठवणीची धून वाजवायचा, तेव्हा आमचे कडक वकीलकाकासुद्धा उपरण्याने डोळे टिपायचे.

ताईच्या लग्नात त्याची बायको मांडवामागे भांडी घासत होती. हात थांबवून ऐकत होती. एक डोळा सुजून काळानिळा झालेला.

"कोणी मारलं?"

तिने मानेनेच मांडवाकडे खूण केली.

"तरी इतकं मन लावून ऐकतेस?"

"तो वाजवते तवा त्याचे दोनी हात गुतले रायते, बाई. म्हनून मले लगनसराई आवडते."

त्या सुरासाठी कान अजून आसुसतात. आठवला की मनातल्या मनात म्हणते, बाबा, थांबू नकोस.