आर्वीच्या टॉकीजमधली बायकांची तिकीट खिडकी

हिंगणघाटच्या बंद जिनिंगचं छप्पर, वर्ध्यातल्या ओसाड क्वार्टरचा जिना, पुलगावची एक पडकी चाळ. सगळी पुठ्ठ्याची मॉडेलं, खऱ्या फुटाला पाव इंच, माझ्या हातची. भिंतीत घुसलेले पिंपळ तांब्याच्या तारेचे, शेवाळ लाकडाच्या भुशाचं, तीन हिरव्या रंगांत भिजवलेलं. आर्ट कॉलेजची पायरी चढलो नाही. पण माझ्या कामात चुकीचं माप सापडायचं नाही.

आर्वीची जुनी टॉकीज पाडणार असं कळलं आणि सोमवारी सकाळीच वर्ध्याजवळच्या नालवाडीहून निघालो. वर्ध्याहून एसटी आंजीवरून जाते, दीडेक तास धरा, तिकीट शंभराच्या आसपास. बसस्टँडसमोर तर्री-पोहे खाऊन घ्या. टॉकीजजवळ खायला काही मिळत नाही.

दारात देवरावकाका बसले होते, तिथले जुने डोअरकीपर. पगार थांबला तरी यायचे थांबले नाहीत.

"तिकीट?" त्यांनी हात पुढे केला, मग स्वतःच हसले. "जा. आता सारे बाल्कनीवालेच."

बाल्कनीत पिंपळ होता. छप्पर नाही, पडद्याच्या जागी आभाळ. खुर्च्यांच्या सांगाड्यांतून घाणेरी छातीएवढी वाढलेली. दुपारपर्यंत वहीची सोळा पानं मापांनी भरली. राहिली फक्त बायकांची तिकीट खिडकी. ती मधुमालतीनं पूर्ण झाकली होती. काका चौकातून चहा आणायला गेले, तेवढ्यात मी ब्लेडनं वेल बुडाशी कापली, बाजूला ओढली आणि टेप लावला. एक फूट नऊ इंच.

काका प्लास्टिकच्या पिशवीत चहा घेऊन परतले.

"हे काऊन तोडलं?"

"माप घ्यायचं होतं, काका. फुटेल परत."

"कवा फुटंल? वीस दिवसांत पाडून राह्यले."

मग कपात चहा ओतता ओतता म्हणाले, "शांता बसे इथं. माही बायको. टॉकीज बंद झाली तवा तिनंच लावली. म्हणे, खिडकी उघडी दिसली तं बाया येतीन विचारायले, मंग काय सांगू त्याइले? ते गेली त्याले चार वर्षं झाले."

मी टेप गुंडाळू लागलो, तसं त्यांनी विचारलं,

"किती भरली खिडकी?"

"एक फूट नऊ इंच."

"मले विचारलं असतं तं सांगितलं असतं. मीच बसवली ते चौकट."

वेल नेऊ का, असं विचारलं. "नेजो," एवढंच म्हणाले. ओल्या गमछ्यात गुंडाळून मांडीवर घेतली. आंजी येईपर्यंत फुलं गळून गेली होती.

घरी आल्याबरोबर वेलीची पानं मोजली, सुकण्याआधी. एकशे त्रेचाळीस. मोहरीएवढं एकेक पान कापून चिकटवायला अकरा दिवस लागले. मॉडेल पुरं होईपर्यंत टॉकीज पडली. मॉडेलमध्ये वेल कापण्याआधी होती तशीच आहे, त्यामुळे खिडकीचं माप कुणाला दिसतच नाही. आजवरच्या कामातली ही एकच जागा मला नीट बघवत नाही.

गेल्या आठवड्यात टॉकीजच्या मालकाचा मुलगा घरी आला. त्या जागेवरच्या नव्या कॉम्प्लेक्सच्या लॉबीत त्याला मॉडेल हवं होतं. "फक्त झाडं आन् खिडकीवरची ती वेल काढून द्या," म्हणाला. "आमची टॉकीज काही अशी नव्हती."

मी नाही म्हटलं. साठ हजार देत होता.